सातवाल्यांची अंगठी

शपथ मी घेत नाही. आमच्या धंद्यात शपथेला मोल नाही, कसाला आहे. म्हणून एवढंच सांगते... हे माझ्या हातून घडलंय आणि माझ्या कानांनी ऐकलंय. हवं तर कसावर घासून बघा.

चार वर्षं झाली. थंडीचे दिवस होते. मंगळवार. संध्याकाळचे सात वाजत आले होते आणि मी आमच्या दुकानात, खिडकीखालच्या कामाच्या टेबलावर, एका साखळीची कडी बसवत होते.

माझी छोटी हातोडी चालू होती. टिक... टिक... टिक...

आणि मधेच तिचा आवाज बंद झाला.

हातोडी पडत होती. मला दिसत होती. हाताला कळत होती.

पण आवाज...

आवाज नव्हता.

थांबा. हे असं मधूनच सांगून चालणार नाही. आधी अंगठीचं सांगायला हवं.

आमचं दुकान म्हणजे दोन भिंतींच्या मधे राहिलेली फट. एका बाजूला चपला शिवणारा, दुसऱ्या बाजूला फोटो स्टुडिओ. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला आधी बाहेर जावं लागतं. पुढे काचेचा काउंटर, त्यामागे बाबांची खुर्ची, आणि अगदी मागे माझं टेबल. आम्ही दागिने विकत नाही. मोडलेले दुरुस्त करतो.

कारागीर खरे बाबाच. पण हात कापायला लागले तसं त्यांनी टेबल मला दिलं आणि स्वतः काउंटरवर जाऊन बसले. कान तर त्याच्याही आधी गेले होते. चाळीस वर्षं हातोडी ऐकून दुसरं काय होणार. ते म्हणायचे, मला ऐकू येत नाही हे गिऱ्हाइकांच्या सोयीचं आहे, समोरासमोर शिव्या देता येतात. मला ते ‘कारागीरबाई’ म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

तर त्या मंगळवारच्या आठवडाभर आधी, भरदुपारी, एक बाई दुकानात आल्या.

सत्तरीच्या असतील. ताठ. राखाडी स्वेटर, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि पुरुषाची एक अंगठी काचेवर ठेवली.

जुनी होती. जड, लालसर सोन्याची. वर काळपट हिरवा लंबगोल खडा. आणि खालच्या बाजूला, तळहाताकडे येते तिथे, एक बारीक चीर.

बाबा खुर्चीतून पुढे वाकले. अंगठीकडे नाही, बाईंकडे बघत.

मग त्यांनी कधी नव्हे ते हात जोडले.

‘सातवाले’ म्हटलं तर आता कुणाला कळणार नाही. पण माझ्या लहानपणी रोज संध्याकाळी सात वाजता रेडिओवर एक गृहस्थ गोष्ट वाचायचे. वीस वर्षं वाचली. त्यांचं खरं नाव कार्यक्रमाच्या शेवटी सांगत, पण ते कुणी लक्षात ठेवलं नाही. सगळे सातवालेच म्हणत. सात वाजले की आमच्या गल्लीतली भांडणंसुद्धा साडेसातपर्यंत पुढे ढकलली जायची. आधी शांतता. मग एक ठोका... टक. आणि मग तो आवाज. जणू आपल्याच घरातलं कुणीतरी बाहेरून आलंय, चपला काढतंय आणि आता दिवसभराचं सांगणार आहे.

तो ठोका या अंगठीचा होता. टेबलावर हात पालथा ठेवून ते अंगठी आपटायचे.

आणि या बाई त्यांच्या बायको. सातवाले गेले तेव्हा पेपरात दोघांचा फोटो आला होता, अंगठीचंही त्यात लिहिलं होतं.

बाबांना काय बोलू आणि काय नको असं झालं. बाई मंदपणे हसल्या. माझ्याकडे वळून त्यांनी कामाचं सांगितलं.

“फक्त चीर जोडा. बाकी कुठे हात लावू नका. धुऊसुद्धा नका.”

मी हो म्हटलं. पाकिटावर लिहिलं... ‘जोड’.

एवढंच लिहिलं. एकच शब्द. पुढचं लिहिलं नाही, कारण पुढचं माझ्या लक्षात राहणारच होतं.

काम चार दिवसांनी हाती आलं. तोवर मधे बारा-पंधरा दागिने होऊन गेले होते.

खड्याला आच लागू नये म्हणून तो ओल्या कापसात गुंडाळला. चीर झाळली. झाळण म्हणजे सोन्याला सोन्यानंच टाका घालणं. सुरेख बसला टाका. मग जोड पक्का आहे का बघायला अंगठी कांबेवर चढवली. ही कांब म्हणजे एक निमुळता लोखंडी दांडा असतो, अंगठ्या गोल करायचा.

अंगठी कांबेला सगळीकडून भिडेना, फक्त खालूनच टेकली. तिथे ती सपाट होती. बोटाच्या पेरापेक्षाही कमी लांबीचा एक सपाट पट्टा, आणि त्यावर चिमुकल्या खाचा.

वाकडी अंगठी दिसली की आमच्या लोकांचा हात विचारत नाही. आईला दिवेलागणीला दिवा लाव म्हणून सांगावं लागतं का? तसंच. मोगर म्हणजे लाकडी हातोडी उचलली, अंगठी फिरवत गेले, ठोकत गेले. गोल झाली. मग कानस. मग बारीक कागद. मग बफाच्या चाकावर पॉलिश. आमच्या दुकानातून मळकं काही बाहेर जात नाही, हा बाबांचा अभिमान. हात शहाणा असला की डोकं फिरायला जातं. माझं डोकं त्या वेळी कुठे होतं, मला आठवत नाही.

कापसावर ठेवल्यावर ती नव्या नवरदेवासारखी झळकत होती. मी मान कलती करून बघितलं. छान झाली असं मनात म्हणाले.

आणि मग आठवलं.

बाकी कुठे हात लावू नका.

वीस वर्षं रोज एक ठोका. त्या ठोक्यांनी तो पट्टा घडवला होता. मी तो दहा मिनिटांत पुसला होता.

बाई सोमवारी रात्री आठला, दुकान बंद करताना आल्या. अंगठी हातात घेतली. चष्मा लावला नाही. अंगठ्याच्या पोटानं खालची बाजू चाचपली... एकदा... दोनदा...

“इथे सपाट होती ना हो?”

आता सांगते ते लिहायला मला चार वर्षं लागली.

मी म्हणाले, “आच दिली की सोनं मऊ पडतं. आपोआप गोल होतं ते. त्याला काही करता येत नाही.”

खोटं. साफ खोटं. सोनं मऊ पडतं हे खरं. पण मऊ पडलेलं माणूस आपोआप सरळ होत नाही आणि सोनंही नाही. कुणीतरी ठोकायला लागतं.

 बाई म्हणाल्या, असेल, तुम्हांला जास्त कळतं. मला ‘थँक्यू’ही म्हणाल्या. अंगठी रुमालात बांधली आणि पायऱ्या उतरून गेल्या.

बाबांनी विचारलं, काय म्हणत होत्या?

मी हातानंच खूण केली. काही नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार.

हातोडीचा आवाज गेला तो असा. आधी वाटलं, मलाही बाबांसारखं झालं. मी दुसऱ्या हातानं टेबलावर चापट मारली. आवाज नाही. बाहेर रस्त्यावरून एक बस जात होती, खिडकीची काच थरथरताना दिसत होती. आवाज नाही. भिंतीवरचं घड्याळ, शेजारचं शिलाईचं यंत्र, सगळं चालू आणि सगळं मुकं.

साधी शांतता नव्हती ती. जाड होती. भिंतींना आतून गाद्या लावाव्यात आणि दार ओढून घ्यावं तशी. कानांवर दाब आला. माझं स्वतःचं रक्त मला ऐकू येत होतं.

आणि त्या शांततेत...

टक.

माझ्या टेबलावर. लाकडावर. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर.

मी बघत राहिले. तिथे काहीही नव्हतं.

टक.

मग काही नाही. पण संपलं असंही वाटेना. कुणीतरी थांबलंय. आता काहीतरी होणार, आणि ते व्हायला माझ्याकडून काहीतरी हवंय. मी श्वास धरला होता.

किती वेळ गेला कोण जाणे. एकदम बसचा भोंगा, शिलाईचं यंत्र, घड्याळ, सगळं परत आलं.

बाबा खुर्चीतून वळले.

“दार वाजतंय बघ गं. दोनदा वाजलं.”

ज्यांना मी कानाशी ओरडल्याशिवाय चहा झाला हे कळत नाही, ते माझे बाबा.

दार सताड उघडं होतं. पायरीवर कुणी नव्हतं.

बुधवारी तेच. गुरुवारी तेच. बरोबर सातला ती गादीसारखी शांतता, दोन ठोके, आणि मग ते थांबणं. ठोक्यांची मला तितकी भीती वाटेना. थांबण्याची वाटायची. रागावलेलं माणूस दार आपटून जातं तेव्हा बरं वाटतं, गेलं तरी. हे जात नव्हतं. समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत असल्यासारखं...

मी सातच्या आत बाहेर पडून बघितलं. एकदा रस्त्याच्या टोकाला औषधाच्या दुकानात उभी होते. तिथेही शांतता आली. काउंटरवर, माझ्या पिशवीशेजारी, दोन ठोके. औषधवाल्याचे ओठ हलत होते. आवाज परत आला तेव्हा तो विचारत होता, “ताई, बरं वाटत नाहीये का?”

आणि मग अंगठ्या.

शुक्रवारी एका गिऱ्हाइकानं दोन दिवसांपूर्वी नेलेली अंगठी परत आणली. बोटाला रुतते म्हणाला. बाबांनी ती कांबेवर चढवली आणि उजेडात धरली.  मग मला दाखवली.

खालची बाजू लोखंडाला टेकलेली, आणि तिच्या दोन्ही अंगांना उजेडाची एकेक बारीक फट.

अंगठी तिथे सपाट झाली होती.

मी ती गोल करून दिली. सोमवारी दुसरी आली. मग तिसरी. मग मी डब्यातल्या, अजून न गेलेल्या अंगठ्या काढून बघितल्या. सहा होत्या. सहाही मी त्याच आठवड्यात गोल केलेल्या.

सहाही सपाट.

एकाच जागी. तेवढ्याच लांबीचा पट्टा.

बाबा म्हणाले, “कारागीरबाई, गोल म्हणजे काय ते विसरलात, की रुपया कधी बघितला नाहीत?”

हसायला हवं होतं मी. एरवी हसले असते. त्याऐवजी कांब हातात घेऊन तिथेच जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं. आपलं पाप असं ओरडून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. चपला शिवणाऱ्यानंसुद्धा सुई थांबवली.

बाबा बराच वेळ कापणारे हात मांडीवर दाबून बसले.

चूक होते, म्हणाले. त्यांच्याही हातून झाल्या आहेत. पण सोन्यावर चूक ढकलायची नसते. सोन्याला तोंड नाही म्हणून.

मग त्यांनी ठोक्यांचं विचारलं. मी दोन म्हटल्यावर मान हलवली. सातवाले एकदाच वाजवायचे. वीस वर्षांत कधी दुसरा ठोका ऐकला नाही. एकच. टक, आणि लगेच बोलायला सुरुवात. तेव्हा हे ते नव्हेतच.

मग कोण?

ते त्यांनाही सांगता येईना.

जाऊन खरं सांग म्हणाले. मी जाते म्हटलं. गेले नाही. पाकिटावर पत्ता होता, दुकानापासून वीस मिनिटांवर. एकदा कोपऱ्यापर्यंत गेले आणि परतले. एकदा जिन्यापर्यंत. तिथे भिंतीला टेकून उभी राहिले आणि आईचं एक गाणं डोक्यात सुरू झालं. माझी आई काम करता करता गुणगुणायची, स्वतःच रचायची, लिहून कधी ठेवलं नाही. बाबा दागिन्यांची घट बघून हळहळायला लागले की म्हणायची...

सोनं झिजलं झिजलं, नको म्हणू माझे बाई,
गेलं त्याच्या बोटापायी, वाया गेलं काही नाही.

तिचा आवाज आठवला आणि मला वर जाववेना. वाया मी घालवलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी गेले. शनिवार होता. साडेसहा वाजले असतील.

तिसरा मजला. खाली कपडे इस्त्री करणारा, त्यामुळे जिनाभर गरम वाफेचा वास. बाईंनी दार उघडलं आणि मला ओळखून आत घेतलं. खोली छोटी. पुस्तकं, एक कॉट, आणि मधोमध त्या खोलीला न शोभणारं एक भलंमोठं टेबल. एका बाजूची कड घासून पांढरी पडलेली.

रेडिओ केंद्र नव्या इमारतीत गेलं तेव्हा मागून घेतलं, बाई म्हणाल्या. त्यांचं टेबल. आणि मग हसून सांगितलं की त्या तिथेच कामाला होत्या. काचेच्या पलीकडे. माइक उघडणं, बंद करणं, आवाज वरखाली करणं. वीस वर्षं नवरा काचेच्या अलीकडे आणि त्या पलीकडे. लोक म्हणायचे, भांडण होत नसेल तुमचं, मधे काच आहे.

मी विचारलं. विचारल्याशिवाय राहवेना. ते किती ठोके द्यायचे?

“तीन.”

बाबा तर एकच म्हणाले होते.

बाई समजावून सांगत होत्या. पहिले दोन त्यांच्यासाठी. तयार हो, असं सांगणारे. दुसऱ्या ठोक्याला त्या माइकची पट्टी हळूच वर सरकवायच्या. तिसरा बाहेर जायचा. म्हणून जगाला एकच ठोका माहीत. दोन फक्त त्या दोघांना.

“ते गेल्यावर,” बाई म्हणाल्या आणि थांबल्या. टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. “ते गेल्यावर मी रोज सातला इथे बसते. अंगठी अंगठ्यात घालते, बोटाला ती सैल होते. दोन ठोके मी देते.”

आणि तिसरा?

“तिसरा मी कधीच दिला नाही.”

खोलीत दिवा लागलेला होता. खाली इस्त्रीवाला कुणाशी तरी हसत बोलत होता. मला त्या साध्या आवाजांचा आधार वाटला.

अकरा वर्षं, बाई म्हणाल्या. एक दिवस चुकला नाही. दोन मी द्यायचे, तिसरा यायचा. तेवढंच. बोलणं वगैरे काही नाही. तेवढ्यावर रात्र निघायची. मधे चीर दिसली म्हणून दुरुस्तीला दिली. आणि तेव्हापासून...

त्यांनी रुमालातून अंगठी काढली, अंगठ्यात घातली आणि टेबलावर आपटली. माझ्या डोळ्यांसमोर. सोनं लाकडावर आदळलेलं मी बघितलं.

आवाज झाला नाही.

पुन्हा आपटली. नाही.

“दोन्हीही येत नाहीत आता. माझेच मला ऐकू येत नाहीत.” त्यांनी हात मांडीवर घेतला. “मला वाटलं, कंटाळले असतील. मी म्हटलं, अकरा वर्षं अडवून ठेवलंस माणसाला, जाऊ दे आता. पण राग येतो हो. सांगून तरी जायचं.”

एकोणीस दिवस. एकोणीस दिवस ही बाई त्यांना बोल लावत होती. आणि एकोणीस दिवस तिचे दोन ठोके माझ्या टेबलावर पडत होते.

मी सांगितलं. सगळं. कांब, मोगर, कानस, चाक. आपोआप झालं नाही, मी केलं. तुम्ही नको म्हणाला होतात तरी केलं. आणि वर खोटं बोलले. तुमचा आवाज आमच्याकडे येतो. रोज सातला. दोनदा.

बाई माझ्याकडे बघत होत्या. चेहरा वाचता येईना. मला वाटलं ओरडतील. ओरडाव्यात असं वाटत होतं.

मी म्हणाले, मी परत सपाट करून देते. अगदी तशीच. तितकाच पट्टा. कळणारसुद्धा नाही.

“कशी करणार? वीस वर्षं रोज संध्याकाळी बसणार का?”

हे रागानं म्हणाल्या नाहीत. खरंच विचारलं. 

मग त्या खिडकीकडे तोंड करून, माझ्याशी नाही, दुसऱ्याच कुणाशी तरी बोलल्या. हळू.

“म्हणजे तुम्ही गेला नव्हतात.”

सात वाजले.

मला घड्याळ बघावं लागलं नाही. खाली इस्त्रीवाल्याचं हसणं अर्ध्यात तुटलं. ती जाड शांतता खोलीत भरली, भिंतींपासून आत आत येत गेली. आता मला ती ओळखू आली. रेडिओच्या स्टुडिओचं दार लागल्यावर होते ती शांतता. बाईंनाही कळली. त्यांची पाठ ताठ झाली. त्या सत्तरीच्या राहिल्या नाहीत. कामावर बसलेल्या दिसल्या.

त्यांनी हात पालथा केला.

टक.

आवाज आला. टेबलावरून आला. जिथून यायला हवा तिथून.

टक.

दुसऱ्या ठोक्याला त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं लाकडावर टेकली आणि हळूहळू... अगदी हळू... वर सरकली. तिथे पट्टी नव्हती. बोटांना होती.

मी श्वास धरला.

तिसऱ्याची वाट बघत राहिले.

काही आलं नाही.

काहीच नाही... आणि बाईंचा चेहरा बदलला. ओठ किंचित उघडले. डोळे मिटले. लांबून परतलेल्या माणसाची चाहूल जिन्यावर लागावी तसा तो चेहरा होता. त्या ऐकत होत्या. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते आणि त्या जे ऐकत होत्या ते मला ऐकू येत नव्हतं.

किती वेळ गेला ते माहीत नाही. खालचं हसणं जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

बाईंनी डोळे पुसले. मला म्हणाल्या, “ऐकलंत ना?”

मी खोटं बोलू शकले असते. खूप सोपं होतं.

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. दया होती, आणि ती मला सोसवली नाही. मला दारापर्यंत सोडायला आल्या. आलात ते बरं केलंत, म्हणाल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

जिना उतरले. इस्त्रीवाला दारात उभा राहून वर बघत होता. मला म्हणाला, वर रेडिओ लावला होता का? एक ठोका ऐकू आला. लहानपणी असाच यायचा.

मी तशीच पुढे चालू लागले.

दुकानात आले तर बाबा काउंटरला धरून उभे होते. खुर्ची मागे उलटी पडलेली. डोळ्यांत पाणी.

“आज एकदाच वाजलं,” म्हणाले. “तेच होते.”

बहिऱ्या माणसाला ऐकू आलं. अनोळखी माणसाला ऐकू आलं. जो ठोका सगळ्या जगासाठी होता, तो सगळ्यांना ऐकू आला.

त्यानंतर अंगठ्या सपाट झाल्या नाहीत. मी आता विचारल्याशिवाय एकही गोल करत नाही. पाकिटावर सगळं लिहिते, गिऱ्हाइकाचा शब्दन्‌शब्द. बाबा म्हणतात, पाकीट आहे का पोथी? बाई अजून त्याच घरात आहेत. कधी रस्त्यात दिसल्या तर थांबून बोलतात, तब्येत विचारतात. संध्याकाळचं त्या काही सांगत नाहीत, आणि मी विचारत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. त्यांचं ठीक चाललंय.

माझं सांगते.

माझ्याकडे अजून सात वाजतात. रोज. मी कुठेही असले तरी. आवाज जातात, जाड शांतता येते, आणि माझ्या जवळ कुठेतरी दोन ठोके पडतात. जे दोन कधी जगासाठी नव्हतेच. बाबांना ते आता ऐकू येत नाहीत. कुणालाच येत नाहीत. फक्त मला.

परवा, हे लिहायला बसायच्या आदल्या दिवशी, मी काम खाली ठेवलं. दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले. दोन ठोके झाले. मी हललेसुद्धा नाही. त्या शांततेत कुणीतरी बोलायला लागलंय, हे मला अगदी नक्की कळत होतं. समोरच्या खिडकीच्या काचेवर, आतल्या बाजूनं, श्वासाची वाफ धरत होती आणि विरत होती... धरत होती आणि विरत होती... वाक्यामागून वाक्य यावं तशी.

अर्धा तास ते बोलत होतं.

मला एक शब्दही ऐकू आला नाही.